मुंबईच्या सागाचं जहाज : पोर्ट्समथ ते डंडी, सहा दिवस

निघण्याआधी : मुंबई

माझे आबा मालवणात होड्या बांधायचे. मी मुंबईत येऊन एका गोदीच्या सुतारखात्यात चौतीस वर्षं काढली. दोन पिढ्या लाकडावर जगल्या, आणि तरीही मुंबईत बांधलेलं दोनशे वर्षांपूर्वीचं एक लढाऊ जहाज आजही पाण्यावर तरंगतंय, हे मला निवृत्तीनंतर कळलं. तेही जावयाकडून. तो लीड्सला असतो. एका रविवारी फोनवर म्हणाला, "बाबा, तुमच्या फोर्टातलं एक जहाज आमच्या घरापासून गाडीने दीड तासावर उभं आहे."

मला वाटलं चेष्टा करतोय.

जहाजाचं नाव त्रिंकोमाली. शिडांच्या काळातली फ्रिगेट. फ्रिगेट म्हणजे मोठ्या युद्धनौकेपेक्षा लहान, पण चपळ. तोफांची एकच पूर्ण रांग, टेहळणीला, निरोपाला आणि शत्रूची व्यापारी गलबतं धरायला वापरायची. १२ ऑक्टोबर १८१७ ला ती मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली. बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया. तारीख वाचली आणि मी बोटांवर दिवस मोजले. त्यानंतर चोविसाव्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. शाळेत खडकी, कोरेगाव, अष्टी सगळं घोकलं, पण त्याच सुमाराला फोर्टाच्या तटाला लागून इंग्रजांच्या आरमारासाठी सागवानी फ्रिगेट पाण्यात सोडली जात होती हे कुणी सांगितलं नव्हतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात मुद्दाम लायन गेटसमोर जाऊन उभा राहिलो. आत नौदलाचं काम चालू असतं, आपल्याला प्रवेश नाही, आणि नसावाच. पण त्या भिंतीपलीकडे १७५० सालची कोरडी गोदी आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३० च्या दशकात सुरतेहून आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या इथे जहाजं बांधली. समोरच्या टपरीवर चहा घेतला. चहावाल्याला विचारलं, आत कधी गेलायस का? तो म्हणाला, "काका, वीस वर्षं इथेच आहे, गेटच पाहतोय."

दिवस पहिला : पोर्ट्समथ

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून सकाळची गाडी. पोर्ट्समथ हार्बर हे शेवटचं स्टेशन खांबांवर, चक्क पाण्यात उभं आहे. गाडीतून उतरलं की फळ्यांच्या फटीतून खाली समुद्र. ही म्हणाली, "अहो, भाऊच्या धक्क्यासारखा वास येतोय." तसा तो येत नव्हता, पण तिला तिथपर्यंत बरं वाटलं हे चांगलं झालं. विमानापासून तिचे पाय सुजले होते.

व्हिक्टरी पाहिली. इंग्रज आरमाराचा सेनानी नेल्सन याचं जहाज, १९२२ पासून कोरड्या गोदीत. सध्या मोठी डागडुजी चालू असल्यामुळे परांची बांधलेली आहे. आतून हिंडता येतं. तिच्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय, मी त्यात भर घालत नाही. एवढंच सांगतो की ओकचं लाकूड किती कुजतं हे जवळून पाहिलं, आणि पुढच्या प्रवासात ते सारखं आठवत राहिलं.

मला बघायचं होतं ते बंदर. धक्क्यावर एका बाकावर बसलो, डबा उघडला. मुलीने थालीपीठं दिली होती. समोरच्या याच पाण्यात ३० एप्रिल १८१९ ला त्रिंकोमाली मुंबईहून पहिल्यांदा पोचली. पण तिची गोष्ट त्याच्या सहा-सात वर्षं आधी, इथूनच सुरू होते.

ऑक्टोबर १८१२ मध्ये इंग्रज आरमाराने मुंबईला फ्रिगेटची मागणी नोंदवली. नकाशे पाठवले ते जावा नावाच्या जहाजावरून. जावा नोव्हेंबरात इथून, स्पिटहेडच्या नांगरवाड्यावरून निघाली, आणि २९ डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या फ्रिगेटने तिला गाठून मोडून काढलं. दोनेक दिवसांनी जाळून टाकलं. नकाशे गेले, मुंबईत बांधल्या जाणाऱ्या जहाजांसाठी पाठवलेले तांब्याचे पत्रेही गेले. नवी नक्कल पाठवावी लागली आणि काम लांबलं.

आता गंमत बघा. जावावर एक प्रवासी होता, हिंदुस्थानात नेमणुकीवर निघालेला लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप. अमेरिकनांनी त्याला शब्दावर सोडलं. पुढे तो हिंदुस्थानात पोचला, आणि २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर उभा राहिला तो हाच. कागद बुडाले, माणूस वाचला, आणि दोघांचंही काम शेवटी त्याच वर्षी, दोन महिन्यांच्या अंतराने आपल्या मुलखात पुरं झालं. ही गोष्ट मी हिला सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे त्या अमेरिकनांनी त्याला धरून ठेवलं असतं तर बरं झालं असतं." याच्यावर काय बोलणार!

मुंबईहून येताना त्रिंकोमाली जानेवारी १८१९ मध्ये सेंट हेलेनाला थांबली. नेपोलियन तेव्हा त्या बेटावर कैदेत. निघताना जहाजाने एक जादा प्रवासी घेतला, आरमाराचा डॉक्टर जॉन स्टोको. त्याने नेपोलियनला तपासलं होतं आणि बेटाच्या गव्हर्नरची मर्जी गमावली होती. बिचाऱ्याला पुढे परत नेऊन लष्करी खटला चालवला आणि नोकरीतून काढलं.

आणि पोर्ट्समथला पोचल्यावर? काही नाही. नेपोलियन हरला होता, लढाया संपल्या होत्या, नव्या कोऱ्या फ्रिगेटला काम नव्हतं. डोलकाठ्या उतरवल्या, तोफा काढल्या, आणि तिला राखीव ताफ्यात बांधून ठेवलं. आमच्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वाळूवर ओढून झापांनी शाकारून ठेवतात, तसं. फक्त हिचा पावसाळा सव्वीस वर्षं चालला. १८४५ पर्यंत.

संध्याकाळी परतीची गाडी चाळीस मिनिटं उशिरा. कारण सांगितलं नाही. मला उगाच घरच्यासारखं वाटलं.

दिवस दुसरा : ग्रिनिच

आज फक्त एक वस्तू बघायला गेलो. ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात एका जहाजाचा मागचा, नक्षीचा भाग भिंतीसारखा उभा केला आहे, शिवाय नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, पुतळा. जहाज इम्प्लॅकेबल. मूळचं फ्रेंच, ट्रॅफल्गारच्या समुद्री लढाईत नेल्सनच्या ताफ्याविरुद्ध लढलेलं, १८०५ मध्येच इंग्रजांनी पकडलेलं. १९३२ नंतर पोर्ट्समथला त्रिंकोमालीच्या शेजारी नांगरून ठेवलेलं असे. दोन्ही मिळून पोरांना समुद्र शिकवत. दुसऱ्या महायुद्धानंतर इम्प्लॅकेबल इतकी खिळखिळी झाली की दुरुस्तीचा खर्च कुणालाच पेलेना. २ डिसेंबर १९४९ ला दोन्ही देशांचे झेंडे चढवून तिला खोल पाण्यात नेलं आणि सुरुंग लावून बुडवलं. शेजारीण राहिली.

का राहिली, याचं माझं उत्तर तयार आहे, पण उद्या जहाजाला हात लावल्याशिवाय बोलणार नाही.

दुपारी पाऊस. हॉटेलच्या खोलीत केटलवर तयार उपमा.

दिवस तिसरा : हार्टलपूल

किंग्ज क्रॉसहून थेट गाडी, तीनेक तास. शेवटच्या टप्प्यात सीटन कॅरूच्या सुमाराला उजवीकडे समुद्र दिसायला लागतो. राखाडी, चपटा, थंड. जूनमध्ये लोक स्वेटर घालून वाळूत कुत्रे फिरवत होते. हार्टलपूल हे एकेकाळी कोळशाचं, जहाजबांधणीचं गाव; आता दोन्ही गेलं आणि गाव जरा रिकामं रिकामं वाटतं. माझगावच्या जुन्या गल्ल्यांतून फिरताना जो एक उदासपणा चिकटतो, तो इथेही होता.

मुलगी-जावई लीड्सहून गाडीने आले होते. वळण घेतलं आणि घरांच्या छपरांवर तीन डोलकाठ्या दिसल्या. परबाणांसकट (शिडं बांधायच्या आडव्या काठ्या), दोरखंडांसकट. मी काहीच बोललो नाही. जावई म्हणाला, "बाबा, पोचलो."

जुन्या गोदीभोवती जुन्या काळातला धक्का उभारला आहे, दुकानं, शिंप्याचं, तोफांचं, बेकरीचं. मुलांना आवडेल. मी ते सोडून सरळ जहाजाकडे गेलो. काळी, पांढरा पट्टा, त्या पट्ट्यात तोफांच्या काळ्या झडपा. दीडशे फूट लांब, चाळीस फूट रुंद. नाळेवर पागोटं घातलेला माणूस. समोरून बघितलं तर बाकीच्या इंग्रजी गावात हा एकटाच आपला माणूस दिसत होता. ही म्हणाली, "याला थंडी वाजत असेल."

आत गेलो. तोफांच्या डेकवर चालताना पहिली गोष्ट केली ती जी आबांनी शिकवली. बोटांच्या पेरांनी लाकूड वाजवलं. आबा म्हणायचे, "लाकूड बोलता रे, आयकूक व्हया." कुजलेलं लाकूड भोपळ्यासारखं बोलतं. हे बोललं ते घट्ट, कोरडं, वरच्या पट्टीत. दोनशे वर्षांनी! एका तुळईवर रंग उडाला होता, तिथे नखाने हळूच घासलं (मुलगी डोळे वटारून बघत होती) आणि नाक लावलं. वास नाही. अर्थात नसणारच. पण रेषा सागाच्या होत्या, त्यात शंका नाही. दुरुस्तीनंतरही सुमारे दोन तृतीयांश लाकूड मूळचं आहे, असं तिथे सांगतात.

आता माझं उत्तर सांगतो. ओक हा विलायतेचा अभिमान, पण त्यात आम्ल असतं. लोखंडी खिळा, लोखंडी बोल्ट मारला की ते आम्ल त्याला खातं, आणि गंजलेलं लोखंड उलट लाकडाला खातं. ओलसर, हवा न खेळणाऱ्या तळात बुरशी धरते ती वेगळीच. सागात तेल असतं. खिळा त्यात सुखाने राहतो, कीड-वाळवी लवकर शिवत नाही, पाणी आत शिरायला तयार नसतं. मलबारचा साग मुंबईत यायचा तो समुद्रमार्गे, आणि वाडियांचे कारागीर तो इतका बेमालूम सांधायचे की आरमाराच्या साहेबांना मुंबईच्या जहाजांची चटक लागली. सागाला एकच दूषण होतं. तोफेचा गोळा लागून उडालेली सागाची ढलपी अंगात घुसली की जखम चिघळते, असं खलाशी मानायचे. यात तथ्य किती ते डॉक्टर जाणे, पण सागाची कूस बोटात गेली की दोन दिवस ठणका लागतो हे मी शपथेवर सांगेन.

जहाजाचा आराखडा मात्र फ्रेंच. १७८२ मध्ये इंग्रजांनी एबे नावाची फ्रेंच फ्रिगेट पकडली, तिची मापं घेतली, आणि त्यावरून लेडा या वर्गाच्या चाळीसहून जास्त फ्रिगेटी बांधल्या. फ्रेंच आराखडा, इंग्रजांचे पैसे, मलबारचं लाकूड, पारशी मिस्त्री आणि लंकेतल्या बंदराचं नाव. (मिस्त्री हा शब्द मी आदराने वापरतो. आमच्या खात्यात साहेबाला कोणी विचारत नसे, मिस्त्रीला विचारत.)

जमशेटजी हे मिस्त्रींचे मिस्त्री. त्यांनी मिंडेन बांधली, १८१० साली. मोठी, तीन डोलकाठ्यांची, लढाईच्या रांगेत उभी राहणारी नौका, इंग्रज आरमारासाठी इंग्लंडबाहेर बांधलेली या प्रकारची पहिली. त्यांचीच कॉर्नवॉलिस, जिच्यावर १८४२ मध्ये चीनने नानकिंगच्या तहावर सही केली. त्यांचीच वेलस्ली, जी १९४० मध्ये टेम्स नदीत जर्मन विमानांच्या बाँबने बुडाली. शिडाचं जहाज आणि विमानाचा बाँब! आणि त्रिंकोमालीची सख्खी बहीण अँफिट्राइटी, तिच्या आदल्या वर्षी त्याच गोदीतून उतरलेली. असंही सांगतात की एका जहाजाच्या आतल्या तुळईवर जमशेटजींनी कुणाला न दिसेल असं कोरून ठेवलं होतं, की हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलंय. आणि वर स्वतःला इंग्रजीत एक शिवीही घातली होती, म्हणजे साहेब ज्या शब्दांत हाक मारायचे तेच शब्द. खरं-खोटं देव जाणे. पण गोदीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला ही गोष्ट खोटी वाटत नाही.

पठाण, म्हणजे जहाजाचा कणा, पहिल्यांदा मांडतात तेव्हा पारशी रिवाजाप्रमाणे त्यात नाव कोरलेला चांदीचा खिळा ठोकला. आमच्याकडे पठाण मांडताना नारळ फोडतात, हळदकुंकू वाहतात, आणि त्या दिवशी कारागिरांना जेवण. आबा त्या दिवशी कुणाशी भांडत नसत, एरवी रोज भांडत.

खालच्या डेकवर वाकून चालावं लागतं. जेवणाची टेबलं छताला दोरांनी टांगलेली, झोपायला झोळ्या. एका माणसाला झोळीसाठी नियमाने चौदा इंच रुंदी. निम्मे लोक पहाऱ्यावर असल्यामुळे प्रत्यक्षात दुप्पट मिळायची, पण बंदरात सगळेच खाली. परळच्या खोलीत आम्ही गावाकडचे अकरा जण राहायचो तेव्हा पाळीपाळीने झोपायचो, तोच हिशेब. फरक एवढाच की आमची खोली हलत नसे.

साडेपाचला घंटा झाली आणि बाहेर काढलं.

दिवस चौथा : हार्टलपूल, पुन्हा

घरच्यांना वाटलं होतं एक दिवस पुरे. मी म्हटलं, मी एकटा जातो. शेवटी जावई सोबत राहिला. ही आणि मुलगी बाजारात गेल्या.

सकाळी आधी जुन्या गावात, समुद्रात घुसलेल्या टोकावर गेलो. इथली एक दंतकथा आहे. नेपोलियनच्या युद्धात एक फ्रेंच जहाज किनाऱ्याजवळ फुटलं, त्यातून एक माकड वाचलं. गावकऱ्यांनी फ्रेंच माणूस कधी पाहिला नव्हता, माकडालाच हेर समजून खटला भरला आणि फाशी दिलं. आजही इथल्या लोकांना शेजारचे 'माकड टांगणारे' म्हणतात, आणि ते रागवायच्या ऐवजी मिरवतात. आमच्या जिल्ह्यातही गावागावाला अशी चिडवायची नावं आहेत. छापत नाही.

मग पुन्हा जहाज. आज तिथे एक म्हातारे स्वयंसेवक होते, इथल्याच गोदीत आयुष्य गेलेले. मी माझे हात दाखवले, त्यांनी त्यांचे. त्यांना डाव्या करंगळीचं पेर नव्हतं, मला उजव्या. दोघंही हसलो, मग तासभर बोलत बसलो. माझं इंग्रजी मोडकं, त्यांचं बोलणं इथल्या हेलाचं. जावई मधे दुभाषा. तरी लाकडाबद्दल बोलताना त्याची गरज लागेना.

जहाजाची खरी नोकरी फक्त दहा वर्षांची, दोन फेऱ्यांत. १८४५ मध्ये तिला बाहेर काढलं, तोफा कमी करून सव्वीस केल्या पण मोठ्या बसवल्या, मागची ठेवण बदलली, आणि दर्जा फ्रिगेटवरून तिच्या खालच्या कॉर्व्हेटवर आणला. म्हणजे तीस वर्षांनी कामावर रुजू आणि त्याच दिवशी पदावनती. १८४७ ते १८५० उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडिज: हैतीतल्या दंगलींवर नजर, क्युबावर चढाई होऊ नये म्हणून पहारा, गुलामांची वाहतूक करणारी जहाजं रोखायची गस्त, न्यूफाउंडलंडला कोळ्यांच्या मासेमारीचं रक्षण. मग १८५२ ते १८५७ पॅसिफिक. क्रिमियाचं युद्ध चालू होतं तेव्हा मुंबईच्या दोघी बहिणी, ही आणि अँफिट्राइटी, त्याच समुद्रात रशियनांची वाट बघत होत्या. मोठी लढाई हिच्या वाट्याला आलीच नाही.

मी मनात सुखावलो होतो की आपलं जहाज तसं निष्पाप राहिलं. पण १८५६ ची एक हकिगत आहे आणि ती सोडून पुढे जाणं बरोबर नाही. कॅनडाच्या पश्चिमेला व्हँकुव्हर बेटावर कोविचन लोकांच्या मुलखात तथलासुत नावाच्या माणसाने एका गोऱ्या वसाहतवाल्याला गोळी घातली. तो जखमी झाला, मेला नाही. गव्हर्नर जेम्स डग्लस चारशेहून जास्त खलाशी आणि शिपाई घेऊन त्रिंकोमालीवरून तिथे गेला. वारा नव्हता म्हणून हडसन्स बे कंपनीच्या ऑटर या वाफेच्या बोटीने जहाज ओढून नेलं. तथलासुतला पकडलं, तिथल्या तिथे खटला, आणि त्याच्याच लोकांसमोर फाशी. सकाळी माकडाच्या गोष्टीवर हसलो होतो, आता ती आठवून कसंसंच झालं. कॅनडाच्या नकाशावर सॉल्ट स्प्रिंग आणि गॅलियानो बेटांमधल्या पाण्याला आजही त्रिंकोमाली चॅनेल म्हणतात. तुळईवर पुन्हा हात ठेवला, पण वाजवून बघावंसं वाटलं नाही. लाकूड काय, ज्याच्या हाती त्याचं.

१८५७ नंतर समुद्र संपला. वाफेची, लोखंडाची जहाजं आली. हिला सराव-जहाज केलं, आणि १८६० च्या दशकात आणलं ते याच गावी, वेस्ट हार्टलपूलला. पंधरा वर्षं इथे राखीव दलाच्या लोकांना तोफा शिकवल्या, मग साउदॅम्प्टन. मे १८९७ मध्ये मोडीत विकली.

त्याच वर्षी १६ जूनला ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात एक दुसरं जहाज फुटलं. नेल्सनचं जुनं फुद्रोयाँ. ते जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या हौशी श्रीमंताने भंगारवाल्यांकडून सोडवून पोरांच्या प्रशिक्षणासाठी ठेवलं होतं. त्याला बदली जहाज हवं होतं आणि भंगारात मुंबईचा साग पडला होता. त्याने ते घेतलं, डागडुजी केली आणि नाव दिलं फुद्रोयाँ. पुढची जवळजवळ शंभर वर्षं हे जहाज दुसऱ्याच्या नावाने जगलं: फाल्मथ, मिलफर्ड हेवन, शेवटी पोर्ट्समथ. सुट्टीत येणाऱ्या हजारो पोरापोरींनी हिच्यावर झोळ्या टांगल्या, त्यांना ती त्रिंकोमाली आहे हे बहुधा माहीतच नव्हतं. १९८६ ला ते बंद पडलं. १९८७ मध्ये तराफ्यावर चढवून तिला हार्टलपूलला आणलं, १९९० पासून ११ वर्षं काम चाललं, एक कोटी पौंडांहून जास्त खर्च झाला, आणि १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळालं.

स्वयंसेवक म्हणाले, इथल्या जहाजबांधणीच्या गोद्या बंद झाल्यावर ज्यांच्या हातात कसब होतं आणि काम नव्हतं, अशा लोकांनी हे उभं केलं. निघताना त्यांनी मला एक जुना बोल्ट हातात घेऊन पाहू दिला. जड होता. गंज वरवरचा, आत धातू साबूत. त्यांनी काही न बोलता भुवया उंचावल्या. मीही.

दिवस पाचवा : लीड्स

विश्रांती. दिवसभर पाऊस. संध्याकाळी वरण-भात, बटाट्याची भाजी, मुलीने लोणचं काढलं.

दिवस सहावा : डंडी

हिच्या मते आता पुरे झालं होतं. मी म्हटलं, एक बहीण राहिली. "किती बहिणी आहेत हिला?" तिने विचारलं. म्हटलं, पाण्यावर दोघीच उरल्यात.

लीड्सहून गाडी, एडिंबरा, मग टे नदीवरचा लांबलचक पूल. पुलाला लागून पाण्यात जुन्या खांबांची थोटकं दिसतात. डिसेंबर १८७९ मध्ये आधीचा पूल वादळात गाडीसकट कोसळला, त्याचे हे अवशेष. डंडी म्हणजे तागाच्या गिरण्यांचं गाव. बंगालचा ताग इथे यायचा.

युनिकॉर्न ही लेडा वर्गातलीच फ्रिगेट. नकाशा त्याच घराण्याचा, पण ओकची, चॅटमला बांधलेली, ३० मार्च १८२४ ला पाण्यात उतरवलेली. हिचं नशीब त्रिंकोमालीपेक्षाही अजब. हिला डोलकाठ्या कधी चढल्याच नाहीत. शांततेचा काळ म्हणून बांधून झाल्याझाल्या वरच्या डेकवर लाकडी छप्पर घातलं आणि राखीव ताफ्यात लोटलं. काही वर्षं दारूगोळ्याचं कोठार, १८७३ पासून इथे डंडीत सराव-जहाज. दुसऱ्या महायुद्धात तर तिचं नावही काढून एका विमानवाहू नौकेला दिलं आणि हिला क्रेसी म्हणू लागले. १९५९ ला नाव परत मिळालं.

लांबून बघितलं तर जहाज वाटत नाही. गावाकडे माडाच्या बागेत मांगर, म्हणजे शाकारलेली खोप, असतो, तो कुणी पाण्यात सोडावा तसं. पण त्या छपरानेच तिला वाचवलंय. पाऊस आत आला नाही, म्हणून ओक इतका टिकला. आत काळोख, कोरडा, डांबराचा जुना वास. आणि मग दिसले ते लोखंडी गुडघे, तुळई आणि बाजूची भिंत जिथे भेटते तिथे आधाराला लावतात ते. आमच्याकडे त्यासाठी झाडाचा नैसर्गिक वाकलेला फाटा शोधतात, त्यासाठी आबा डोंगर डोंगर हिंडायचे. इंग्लंडात तेव्हा असे वाकडे ओक मिळेनासे झाले होते, म्हणून लोखंड आलं. ओकमध्ये लोखंड! मी एकेका गुडघ्यापाशी बॅटरी घेऊन वाकलो.

तिथली एक तरुण मुलगी, सुतारकाम शिकायला आलेली, कुतूहलाने जवळ आली. तिला सांगितलं की हिची मोठी बहीण आमच्या गावची. तिने मला तळाच्या बाजूला नेलं आणि दाखवलं की इतकी वर्षं पाण्यात एका जागी राहून जहाजाची दोन्ही टोकं खाली झुकलीत आणि मधली पाठ वर आलीय. त्यामुळे तिला जवळच्या कोरड्या गोदीत हलवायचा बेत आहे. मी विचारलं, हलवताना आधार कुठे कुठे देणार? तिने खिशातून पेन्सिल काढली आणि पाकिटाच्या मागे जहाजाचा आडवा छेद काढायला लागली. मी चष्मा पुसला. वरून हिचा आवाज आला, "अहो, पाचची गाडी आहे."

"आलो," म्हटलं, आणि मुलीच्या हातातली पेन्सिल मागून घेतली, कारण तिसरा ठोकळा तिने चुकीच्या जागी काढला होता.